सतरा नंबरचे भोक

मित्रांनो, कॉलेजच्या साहित्याच्या, म्हणजे अवजारांच्या, खोलीत दाराआड जी लोखंडी काठी उभी आहे, आणि जिची येणाऱ्या-जाणाऱ्याला एकदा तरी ठेच लागते, ती मी. जातीने गिरमिट. लाकडाला भोक पाडणारे सुताराचे गिरमिट तुम्ही पाहिले असेल. ते माझे धाकटे भावंड म्हणा हवे तर, पण त्याची उडी फळीच्या जाडीएवढी. मी जमिनीला भोक पाडते, आणि तेही पाच-सहा मीटर खोल. आता अंगावर गंज चढला आहे, फिरवले की करकरते. तरी आयुष्य कसे गेले असे कोणी विचारले, तर चिखलात गेले आणि मजेत गेले, असेच मी सांगेन.

माझा जन्म एका लेथच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन यंत्रे, आणि मालक, कारागीर व झाडूवाला अशा तिन्ही भूमिका करणारा एक लेथवाला. त्याच्याकडे एक दिवस एक बाई आल्या आणि कागदावर माझे चित्र काढून दाखवू लागल्या. खाली हातभर लांबीची पोलादी नळी, पण एका बाजूने उभी चिरलेली, म्हणजे आत काय आले ते दिसावे. तिच्या कडेला धार. वर एकेक मीटरच्या दांड्या, आट्यांनी एकमेकींत बसणाऱ्या. सगळ्यात वर आडवी मूठ. लेथवाल्याने कागद उलटासुलटा करून पाहिला.

"यानं काढणार काय तुम्ही? पाणी?"

"नाही. चिखल."

"चिखल वरच आहे की हवा तेवढा. त्याला एवढी कारागिरी कशाला?"

"वरचा आजचा आहे. मला जुना पाहिजे."

लेथवाल्याने पुढे काही विचारले नाही. गिऱ्हाइकाचे डोके तपासणे हे आपले काम नाही, असे त्याचे मत असावे. पण माणूस कामाचा पक्का होता. आटे त्याने तीनदा बसवून पाहिले, धारेवर अलगद अंगठा फिरवला आणि मला बाईंच्या हाती देताना म्हणाला, "जपून हं. हिला चिखल आणि बोट यांतला फरक कळत नाही."

बाई मातीचा अभ्यास करणाऱ्या होत्या. लोक त्यांना मातीवाल्या बाई म्हणत आणि त्यांना ते आवडे. त्यांच्याबरोबर राहून मलाही थोडी अक्कल आली, ती तुम्हाला सांगते. जमीन म्हणजे एकच एक ढीग नव्हे. पूर येतो आणि गाळ टाकून जातो. वारा येतो, धूळ टाकून जातो. नदी जिथून वाहते तिथे वाळू राहते, पाणी जिथे साचून राहते तिथे काळी चिकणमाती बसते. माणसे जिथे राहतात तिथे राख, खापऱ्या आणि तुडवून कडक झालेली जमीन राहते. प्रत्येकाचा थर वेगळा. खालचा जुना, वरचा नवा. इतका साधा हिशेब आहे, पण तो वाचायचा तर कोणीतरी खाली जाऊन पाहायला हवे. ते कोणीतरी म्हणजे मी.

मला फिरवायला खोलकाका होते. उभी हयात विहिरी खणण्यात गेलेला हा माणूस. वय साठीच्या पुढे, दंड मात्र दोरखंडासारखे. कुठेही थांबायची वेळ आली की "अजून थोडं खोल" म्हणायचे, म्हणून हे नाव पडले. काका मला जमिनीत दाबत, अर्धी फिरकी देत आणि दोन्ही हातांनी वर ओढत. माझ्या जबड्यात आलेली माती बाई सुरीने सपाट करत, रंग पाहत, मग त्यातली चिमूटभर माती चक्क दातांखाली धरत. कचकच लागली तर पोयटा, लोण्यासारखी लागली तर चिकणमाती. तुम्हाला हसू येईल, पण या धंद्यात दात हेच पहिले यंत्र आहे. बाईंच्या आईंना मात्र हे कधी पटले नाही. त्या म्हणायच्या, "लहानपणी माती खाल्लीस म्हणून मार खाल्लास. आता त्याचाच पगार घेतेस!"

मातीची नोंद वहीत झाली की ती लाकडी पन्हळीत क्रमाने ठेवायची आणि मला फडक्याने पुसायचे. आतून, बाहेरून, धारेवरून. मगच मी पुन्हा खाली जाणार. असे का? कारण मी चिकटखोर आहे. वरच्या थरातला कण माझ्या अंगाला चिकटून खाली गेला, तर तो खालचाच वाटतो. म्हणून पुसण्यात हयगय नाही, हा आमचा पहिला नियम होता.

आता मुख्य गोष्टीकडे येते. शहराबाहेर एक सखल रान होते आणि त्याच्या कडेला एक बुटके टेकाड. टेकाडावर उत्खनन करणाऱ्यांना साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरे सापडली होती. चुली, रांजणांचे काठ, दाणे दळायचे दगड. पण आसपास कुठेही पाणी नव्हते. नदी तिथून तासभर चालत जाण्याइतकी लांब. मग ही शहाणी माणसे कोरड्या जागी का राहिली, आणि पुढे गेली तरी कुठे, हे कोणालाच सांगता येईना. त्यात शहराच्या पाण्यासाठी त्या सखल रानात मोठे तळे खणायचे ठरले. कागदावर लिहिले होते: टेकाड राखावे, सखल भाग पूर्वीपासून रिकामा आहे.

बाईंना ते 'पूर्वीपासून' फार खटकले. त्या नकाशावाल्या साहेबांना जाऊन भेटल्या. तळ्याचे काम या साहेबांकडे होते आणि काखेत नकाशाची गुंडाळी असल्याशिवाय त्यांना कोणी पाहिले नव्हते. साहेब म्हणाले, "बाई, सखल भागात माणसं राहत होती असं दाखवा. मी तळं पलीकडे सरकवतो. जागा आहे. पण यंत्रं यायच्या आत दाखवा. नाहीतर तिथं जे असेल ते ट्रकमध्ये भरून जाईल, आणि मलाही कळणार नाही काय गेलं."

मग आम्ही कामाला लागलो. टेकाडापासून रानात सरळ रेघ धरायची आणि वीस-वीस पावलांवर एकेक भोक. सोळा भोके झाली. पुराचा गाळ, चिकणमाती, कधी वाळू. माणसाची खूण म्हणून काही नाही. बाईंची जेवणे लांबू लागली आणि वहीतली अक्षरे बारीक होत गेली.

सतराव्या भोकाच्या वेळी सूर्य डोक्यावर होता. मीटरभर खालची माती घेऊन मी वर आले. बाई घाईने सुरी फिरवायला गेल्या आणि माझ्या धारेवर त्यांचे बोट सपकन चिरले. रक्त थांबेना. काकांनी खांद्यावरचे फडके ओढले, टरकन फाडले आणि बोटाला घट्ट गुंडाळले. बाई म्हणाल्या, "चला, चला, काही नाही झालं." ती माती नीट न पाहताच पन्हळीत गेली आणि मी पुन्हा खाली गेले. मित्रांनो, ते फडके माझे होते. मी तशीच गेले, न पुसता, एकदा नव्हे, सहा वेळा. माझ्या धारेच्या आतल्या बाजूला काहीतरी खरखरीत चिकटलेले मला जाणवत होते. पण लोखंडाला कुठे बोलता येते!

साडेतीन मीटरवरून मी वर आले तेव्हा माझ्या जबड्यात करड्या गाळात मोहरीएवढा कोळसा होता आणि भाजलेल्या मातीचा एक लाल कण. बाई ओरडल्या, "काका! राख आणि खापरी! साडेतीन मीटरवर!" काकांनी मला असे थोपटले, की मला काय वाटले ते काय सांगू! आयुष्यात एवढी शाबासकी मला कधी मिळाली नव्हती, आणि ती माझी नव्हती.

दुसऱ्याच दिवशी, रविवार असूनही, बाईंनी साहेबांच्या घरी पत्र नेऊन दिले. साहेबांनी ते वाचले, नकाशावर लाल पेन्सिलीने गोल केला आणि काम थांबवण्याचा शब्द दिला.

त्याच दिवशी बाईंच्या आई चार दिवस राहायला आल्या होत्या. चाळीस वर्षे दवाखान्यात परिचारिका म्हणून काढलेली ही माऊली. निवृत्त झाली तरी डोळे अजून ड्यूटीवरच. संध्याकाळी बाईंनी मला मोरीत उभे केले, हात धुवायला नळ सोडला, आणि आईंची नजर बोटावर गेली.

"काय गं हे? कशानं बांधलंयस?"

"चिरलं थोडं काल. काकांनी बांधलं."

"हे काय फडकं म्हणायचं? सगळी माती भरलीय यात! सोड आधी." आईंनी गाठ सोडली, बोट धुतले, औषध लावले, पांढरी पट्टी बांधली. मग ते मळके फडके चिमटीत धरून म्हणाल्या, "कसलं आहे हे?"

"गिरमिट पुसायचं आहे आई, टाकू नकोस."

"मग काल हे तुझ्या बोटाला होतं, तर गिरमिट कशानं पुसलंत?"

आईंनी ते सहज विचारले. वॉर्डात नव्या मुलींना विचारत तसे. पण बाईंनी नळ बंद केला, मला उचलून दिव्याखाली नेले आणि माझ्याकडे खूप वेळ पाहिले, जणू मी काही सांगेन. मला सांगायचे होतेच.

"आई, माझा पुरावा गेला," त्या म्हणाल्या. "तो कण वरून गेलेला असू शकतो."

"आमच्याकडे असं झालं तर तो नमुना फेकायचा आणि दुसरा घ्यायचा. रडायचं ते नंतर."

"दुसरा नाही सापडला तर सगळं रान जाईल गं."

"मग नाही सापडला म्हणून सांगायचं," आई म्हणाल्या आणि कणीक मळायला गेल्या.

सकाळी बाईंनी काकांना सगळे सांगितले. काकांनी आपल्या तळहाताचे घट्टे चोळले. मग हळूच म्हणाले, "बाई, हे बाहेर कोणालाच ठाऊक नाही. रान वाचतंय ना? वाचू द्या की."

"काका, विहिरीला पाणी नसताना तुम्ही कधी पाणी लागलं म्हणालात?"

"नाही म्हणालो," काका म्हणाले. "एकदा म्हणावंसं वाटलं होतं. त्या घरची सगळी माणसं काठावर उभी होती." त्यांनी मला उचलून खांद्यावर टाकले. "चला साहेबांकडं. चूक माझ्याही हातची आहे."

कार्यालयाच्या दारात शिपायाने आम्हाला अडवले. मी आत गेले तर फरशी खराब होईल, असे त्याचे म्हणणे. शेवटी मला दाराच्या चौकटीला टेकवून ठेवले, तिथून मला सगळे दिसत होते. बाईंनी उभ्यानेच सांगून टाकले. फडके, बोट, सहा फेऱ्या, सगळे. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, लोक माझ्याकडे पुरावे घेऊन येतात. पुरावा परत न्यायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"परत द्या, साहेब. तो धरू नका."

"म्हणजे मग यंत्रं शनिवारी येणार. मला थांबवता येणार नाही, कळतंय ना?"

"कळतंय. शनिवारपर्यंत भोकं पाडू द्या."

त्या दिवशी सोमवार होता. आम्ही आधी सतरा नंबरच्या शेजारीच, वीतभर अंतरावर, नवे भोक घेतले. या वेळी काकांनी मला प्रत्येक फेरीला दोनदा पुसले. साडेतीन मीटरवर काही नव्हते. स्वच्छ, गुळगुळीत गाळ. आणि मीटरभर खोलीवर? काळा थर, कोळसा, लाल कण. काकांनी तो कण नखाने फोडला आणि कपाळाला हात लावला. "ही वीट आहे बाई! माझ्या आजाच्या वेळी इथं विटांची भट्टी होती, तिचे मातीचे खड्डे पुढं बुजले. मला कसं आठवलं नाही?" शंभर वर्षांपूर्वीची वीट मी साडेतीन मीटर खाली नेऊन हजारो वर्षे जुनी करून ठेवली होती. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

बाई दगडावर बसल्या आणि वही पहिल्या पानापासून वाचू लागल्या. काका म्हणाले, "तुम्ही माणसं शोधताय. मी आपला पाणी शोधायचो. वाळू कुठं कुठं लागली होती, सांगा बरं." बाईंनी बोट ठेवून पाहिले. अकरा, बारा, तेरा आणि चौदा. चारही भोकांत खोलवर गोल दाण्यांची धुतलेली वाळू, तिच्यावर काळी चिकणमाती आणि बारीक गोगलगाईंचे शंख. बाराव्या-तेराव्यात वाळू सगळ्यात खोल, दोन्ही बाजूंना वर येत गेलेली. आम्ही सोळा भोके पाडली आणि एवढी मोठी गोष्ट आमच्या वहीत पडून होती.

"नदी!" बाई उठून उभ्या राहिल्या. "काका, नदी इथंच होती! टेकाडाच्या पायथ्याशी!"

"मग माणसं काठावरच असणार की," काका म्हणाले. "पाणी हाताशी सोडून कोण लांब राहतं?"

मग आम्ही वीस पावलांची रेघ सोडली आणि त्या बुजलेल्या नदीचा काठ धरला. पाच-पाच पावलांवर भोक. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवारी काकांच्या तळहाताला फोड आले. आई आता रोज डबा घेऊन रानात येऊ लागल्या. झाडाखाली बसून त्या फडकी धूत, पिळत आणि वाळत घालत. एकही मळके फडके माझ्या अंगाला लागू दिले नाही त्यांनी. मला आयुष्यात असा थाट पुन्हा मिळाला नाही.

शुक्रवारी दुपारी अडीच मीटरवर मला कडक लागले. दगड नव्हे. माणसाच्या पायांनी तुडवलेली जमीन कशी लागते, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळले. काकांनी फिरकी दिली, ओढले. माझ्या जबड्यात बोटाएवढ्या जाडीचा पिवळा घट्ट थर होता. त्याच्यावर राख, राखेत माशाचा काटा आणि नखाएवढी खापरी. आणि त्याच्यावर पुराच्या गाळाचे पातळ पातळ पापुद्रे, एकही न मोडलेला. ते अख्खे होते, म्हणजे वरून काही खाली पडलेले नव्हते. बाईंनी लगेच शेजारी दुसरे भोक घ्यायला लावले. तेच. तिसरे. तेच.

या वेळी कोणी ओरडले नाही. बाईंनी मला आधी पुसले आणि मग त्या रडल्या.

शनिवारी सकाळी रस्त्याच्या कडेला यंत्रे येऊन उभी राहिली. साहेब काखेत नकाशा घेऊन आले. काका म्हणाले, "आम्ही काढलेलं दाखवत नाही साहेब. तुम्हीच काढा." साहेबांनी कोट काढून शिपायाकडे दिला आणि माझी मूठ धरली. दोन फिरक्यांत त्यांना धाप लागली, पण सोडले नाही. पिवळा थर आणि त्यावरची राख वर आली, तेव्हा त्यांनी राखेतला माशाचा काटा चिमटीत उचलला. "इथं कोणीतरी मासे भाजत होतं," ते म्हणाले. मग त्यांनी नकाशा जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार ढेकळे ठेवली आणि तळ्याची रेघ खोडून पलीकडे काढली. यंत्रे वळून गेली. काकांनी कधी नव्हे ते "आता पुरे" म्हटले.

पुढच्या हंगामात आम्ही आजच्या नदीच्या दिशेने भोके पाडत गेलो. अर्ध्या वाटेवर आणखी एक बुजलेली नदी सापडली आणि तिच्या काठावर पुन्हा पायांनी तुडवलेली जमीन, आधीच्यापेक्षा कमी खोल. मग आणखी एक. नदी दर काही शतकांनी बाजूला सरकत होती आणि मागे गाळ टाकत होती. शेवटचे भोक नदीकाठच्या काकांच्या गावाच्या कडेला, त्यांच्याच परसात घेतले. तिथे घरांखाली घरे होती, एकावर एक, मध्ये खंड नाही. कोणी गाव जाळले नव्हते, कोणी कोणाला हाकलले नव्हते. काका माझ्या मुठीवर हनुवटी टेकून उभे राहिले. "म्हणजे ते कुठं गेले नाहीत बाई. नदीमागं चालत चालत आमच्याकडंच आले," ते म्हणाले आणि घरात ओरडले, "अगं, चहा टाक! पाव्हणे फार लांबून आलेत!"

मित्रांनो, त्यानंतर मी बरीच वर्षे काम केले. मग इंजिनावर चालणारे नवे यंत्र आले. ते तासाभरात दहा मीटर जाते आणि त्याला खोलकाकांची गरज लागत नाही. मी या खोलीत आले. मधली काही वर्षे माझ्यावर ओले रेनकोट वाळत असत, एकदा तर मला खिडकीला टेकू म्हणून लावले होते. थोडे वाईट वाटले. पण खिडकीतून वारा छान यायचा, तेव्हा तक्रार तरी कशाची करू?

बाईंनी त्या रानावर जाडजूड अहवाल लिहिला. त्यात नद्या आहेत, थर आहेत, साहेबांचे आभार आहेत, खोलकाकांचे नाव तर पहिल्या पानावर आहे. माझा उल्लेख तीनशे पानांत एकदाच येतो. सतरा नंबरचे भोक बाईंनी गाळले नाही. तक्त्यात ते आहे आणि त्याच्यापुढे लिहिले आहे: 'हा नमुना धरू नये. गिरमिट पुसले नव्हते. चूक माझी.' छापील जगात माझी एवढीच कीर्ती!

पण दरवर्षी नवे विद्यार्थी या खोलीत येतात, तेव्हा शिकवणारे त्यांना अहवालातले तेच पान उघडून देतात. ते वाचून प्रत्येक वर्षी एखादी मुलगी किंवा मुलगा माझ्याकडे येतो, खिशातून रुमाल काढतो आणि कोणी न सांगता माझी धार आतून बाहेरून पुसून ठेवतो. तेव्हा माझ्या गंजक्या अंगाला फार बरे वाटते. तुमच्या हातात उद्या कोणतेही हत्यार येवो, मित्रांनो, त्याला तेवढे पुसत जा. पुसायला क्षणभर लागतो, आणि न पुसले तर हजारो वर्षे इकडची तिकडे होतात.